मोहावरचं शिंग

होळी पेटली की आमच्या टोल्यावर उजेड होईपर्यंत कोणी झोपून राहत नसे. मोह पडायला लागायचा. चिचगडपासून कोसभर आत, जंगलाला लागून आमचा दहा-बारा घरांचा टोला. प्रत्येक घराची मोहाची झाडं ठरलेली. आमची पाच होती. तीन बांधीच्या धुऱ्यावर आणि दोन आत जंगलात, नाल्याच्या काठाला. झाडाखालचा पाला आधीच जाळून जागा साफ केलेली असायची, म्हणजे काळ्या राखेवर पडलेलं पिवळट फूल अंधारातही दिसतं. पहाटे आजी मला हलवायची. "ऊठ वो पोरी, अस्वल सारा मोह खाऊन टाकल." मग टोपल्या घेऊन आम्ही दोघी मोठमोठ्यानं बोलत निघायचो. बोलायचं काही नसलं तरी बोलायचं, कारण अस्वलाला माणसाची चाहूल आधी लागलेली बरी.

१९७८ ची होळी असावी. मी चौथीत होते. नाल्याकाठच्या झाडाखाली वेचता वेचता राखेच्या कडेला, पाल्यात, एक वाकडी फांदी आडवी आली. बाजूला सारायला उचलली तर जड लागली, आणि हाताला गारही. उजेडात नेऊन पाहिलं तर शिंग! माझ्या अख्ख्या हाताहून लांब, करड्या रंगाचं, अंगावर बारीक खडबडीत रेघा, तीन टोकं, आणि टोकांना झिजून आलेली पांढरट चमक. बुडाशी बांगडीसारखं खडबडीत कडं.

आबाजी बैलांना नाल्यावर पाणी पाजायला घेऊन आले होते. मी शिंग दोन्ही हातांनी उचलून त्यांना दाखवलं. त्यांनी ते घेतलं, बुडाकडून उलटं केलं, अंगठा फिरवला आणि म्हणाले, "कालपरवाच झडलं. सांबराचं हाय. ठेव जिथं होतं तिथं."

"काहून?"

"आपल्या घरी सांबराचं शिंग दिसलं म्हणजे आपण सांबर मारलो, असंच म्हणतीन लोक."

मी रडवेली झाले. पण आबाजींपुढं हट्ट चालत नसे. ते डोळ्यांआड होईपर्यंत मी ते शिंग पाल्यात ठेवून उभी राहिले. मग आजीकडं पाहिलं. आजी काही बोलली नाही. तिनं टोपलीतला अर्धा मोह माझ्या टोपलीत ओतला, शिंग आपल्या टोपलीच्या तळाशी घातलं आणि वर मोह पसरला. आजीच्या डाव्या बरगडीत नेहमी कळ यायची. सांबराचं शिंग पाण्यात उगाळून लेप लावला की कळ थांबते, असं तिच्या माहेरी मानत. घरी आल्यावर तिनं ते फडक्यात गुंडाळून धानाच्या ढोलीत खाली ढकललं. त्या दिवसापासून ते आम्हा दोघींचं गुपित झालं.

आबाजी शिकलेले नव्हते. पण जंगलाचं त्यांचं एक पंचांग होतं. कूपावर मजुरी करून, तेंदूपत्त्याच्या दिवसांत रानोरान हिंडून ते त्यांनी जमवलं होतं. शिंगांचा हिशेब त्यात एका दमात यायचा. "सांबराचं मोहावर, चितराचं धान उभं असताना, भेकराचं मिरगाच्या तोंडावर, आन् रोह्याचं कधीच नाही."

हा हिशेब किती खरा होता ते मला पुढं कळलं. आमच्या मध्य भारतातली बहुतेक सांबरं मार्चच्या शेवटापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शिंगं टाकतात. नेमके मोह वेचायचे दिवस. चितळांची बरीचशी शिंगं पावसाळ्याच्या उत्तरार्धात आणि त्यानंतर पडतात. भेकराची मे-जूनमध्ये. आणि रोही म्हणजे नीलगाय. ती हरीण नव्हेच. तिचं, चौसिंग्याचं, काळविटाचं शिंग गाईबैलासारखं असतं. आत हाडाचा खुंट आणि वर टोपण. ते एकदा आलं की जन्मभर राहतं, तुटलं तर परत येत नाही. हरणाचं शिंग म्हणजे भरीव हाड. ते दरसाल येतं, दरसाल जातं, आणि आपल्याकडच्या हरणांत फक्त नरालाच येतं.

फक्त कारणाच्या बाबतीत आबाजी चुकत होते. त्यांचं म्हणणं असं की सांबर मोह खाते, मोहाची उष्णता डोक्यात चढते, तिनं शिंग सैल होते आणि झडते. मी विचारायची, "मग मोह खाऊन अस्वलाचं काय झडते?" ते हसायचे. "त्याची अक्कल."

ते वर्ष सरलं. रोवणा झाला, धान निसवलं, कापणी-मळणी झाली, ढोली पुन्हा भरली. शिंग तळाशीच. आजीला कळ आली की ती दुपारी, आबाजी घरी नसताना, हात खाली घालून ते काढायची आणि सहाणेवर थोडं उगाळायची. शेजारच्या काकूच्या लेकराला एकदा छातीत कफ झाला. काकू मागायला आली. आजीनं वाटीत उगाळून दिलं. वाटी दिली म्हणजे बातमीही दिली, हे तेव्हा आमच्या लक्षात आलं नाही.

पुसाच्या महिन्यात, १९७९ च्या जानेवारीत, नाल्याच्या वरच्या अंगाला सांबराचं कातडं आणि खूर सापडले. कोणी तरी मारून मांस वाटून घेतलं होतं. शिर तिथं नव्हतं. दोन दिवस टोल्यावर कुजबुज चालली. तिसऱ्या दिवशी नाकेदार आमच्या अंगणात उभा राहिला.

"आबाजी, तुमच्या घरी सांबराचं शिंग हाय म्हंतेत."

आबाजी खाटेवर बसून दोर वळत होते. त्यांनी मान वर केली. "माझ्या घरी? नाही जी. पायजे तर पाहून घ्या." त्यांचा आवाज अगदी निश्चिंत होता. खोटं बोलणाऱ्याचा नव्हता, कारण ते खोटं बोलतच नव्हते. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. पायातलं बळ गेलं.

नाकेदार थेट ढोलीपाशी गेला. धानात खांद्यापर्यंत हात घातला आणि फडकं बाहेर काढलं. फडकं सुटलं. शिंग अंगणाच्या शेणामातीवर ठक्कन पडलं.

आबाजींनी शिंगाकडं पाहिलं. मग आजीकडं. मग माझ्याकडं. ती नजर मला अजून आठवते. राग नव्हता तिच्यात. भरल्या अंगणात, शेजाऱ्यांदेखत, आयुष्यात कधी खोटं न बोललेला माणूस खोटा ठरला होता, आणि तो कुणामुळं ठरला हे त्याला त्या क्षणी कळलं होतं. दोराचं टोक त्यांनी खाटेवर ठेवलं.

"मीच आनलो जी," ते म्हणाले.

"साहेब परवा येतीन. तोवर कुठं जाऊ नका," असं सांगून नाकेदार शिंग घेऊन गेला.

ते दोन दिवस आमच्या घरात चूल पेटली, पण कोणी नीट जेवलं नाही. आबाजींनी आजीला एक शब्द विचारला नाही. मला तर नाहीच. आजी दोनदा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि परत आली. सांबर मारल्याबद्दल तुरुंग होतो हे मला शाळेत कळलं होतं. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा हे नाव नव्हतं माहीत, पण जंगलखात्याचा कायदा कडक झालाय एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. रात्री मी आजीला म्हटलं, "मी सांगू का साहेबाला?" आजी म्हणाली, "तू गप्प राय. मी सांगीन."

रेंजर साहेब आले ते जीपमधून. वयानं चाळिशीचे, शांत. खाटेवर बसले. पाणी घेतलं. शिंग मांडीवर आडवं धरलं आणि बराच वेळ उलटंसुलटं करून पाहत राहिले. मला वाटलं, आता बेड्या.

"आबाजी, हे कधी आणलं?"

"मोहावर, साहेब. मागच्या चैतात."

"आणि आता मारलेलं सांबर तुमचं नाही?"

"नाही जी. पुसात शिंग झडते का, साहेब? पुसात तर त्याचं शिंग खुंट्यावानी घट राहते."

साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी नाकेदाराला जवळ बोलावलं, आणि अंगणात जमलेल्या सगळ्यांना दिसेल असं शिंगाचं बूड वर केलं. "हे पाहा," ते म्हणाले. "जनावर मारून शिंग काढलं तर एक तर कुऱ्हाडीचा घाव दिसतो, नाही तर कवटीचं हाड सोबत येतं. शिंग घट्ट असताना ते हातानं निघत नाही, आख्खा माणूस लोंबकळला तरी निघत नाही. इथं घाव नाही, हाडाचा तुकडा नाही. कड्याच्या खाली बूड गोल, थोडं फुगीर, दाणेदार आहे. हे आपोआप सुटलेलं शिंग आहे."

मग त्यांनी शिंगाचं खालचं टोक, कपाळावर पुढं येतं ते, अंगठ्यानं चाचपलं. ते एका बाजूनं चपटं, गुळगुळीत झालं होतं. "आणि हे टोक उगाळून उगाळून झिजलंय. आठ दिवसांत एवढं झिजत नाही. वर्ष झालं असेल." असं म्हणून त्यांनी क्षणभर आजीकडं पाहिलं. आजीनं पदर पुढं ओढला. साहेब आणखी काही बोलले नाहीत.

सांगायचं ते त्यांनी सांगितलं. पडलेलं असलं तरी शिंग सरकारची मालमत्ता असते. सापडलं तर ४८ तासांत कळवायचं असतं, घरात ठेवायचं नसतं. कारण घरोघरी शिंगं राहिली तर झडलेलं कोणतं आणि मारलेलं कोणतं हे कोण पाहत बसणार? पंचनामा झाला. आबाजींनी अंगठा दिला. शिंग जीपमध्ये गेलं.

जीप वळणाआड गेल्यावर आबाजी आजीला एवढंच म्हणाले, "मोह आपला, पत्ता आपला, शिंग मातर सरकारचं. असं हाय तर मले सांगाचं ना." आणि दोर वळायला बसले. आजी घरात जाऊन रडली. मी अंगणातच उभी होते. साहेबाला काही सांगायची वेळच आली नव्हती, पण आबाजींना सांगायची होती. मी सांगितलं नाही.

पुढच्या चैतात त्यांनीच मला नाल्यावर नेलं. मोहाच्या झाडापासून पन्नासेक पावलं वर, धावड्याच्या बुडाशी त्यांनी काठीनं पाला उकरला. खाली दुसरं शिंग होतं. आमच्याच सांबराची दुसरी बाजू. दोन्ही शिंगं एकाच ठिकाणी पडत नाहीत, कधी काही तासांनी तर कधी एखाद-दोन दिवसांनी दुसरं सुटतं. आबाजींना ते गेल्या वर्षीच दिसलं होतं. आता त्याची पार दशा झाली होती. दोन टोकं संपलेली, मधला दांडा खरवडल्यासारखा.

"कोनं खाल्लं?"

"सायाळीनं. रानात काई वाया जात नाही, पोरी."

सायाळ म्हणजे पुस्तकातलं साळिंदर. हाडातला चुना तिला लागतो. हरणंसुद्धा पडलेली शिंगं चघळतात. आम्ही ते तिथंच ठेवलं. परत येताना मी म्हटलं, "आबाजी, ते शिंग मीच आनली होती." ते म्हणाले, "मले ठावं हाय." पुढं चालत राहिले.

मी शिकले, शिक्षिका झाले, नोकरीच्या निमित्तानं देवरी, अर्जुनी मोरगाव अशी फिरले. १ मे १९९९ ला भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला तेव्हा मी मुलांना जिल्ह्याचा नवा नकाशा काढायला लावत होते. त्याच हिवाळ्यात, डिसेंबरात, शाळेची सहल नवेगावबांधला नेली. नवेगाव १९७५ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. तळ्याच्या पलीकडं चितळांचा कळप चरत होता. एक मुलगा म्हणाला, "बाई, हे सगळे एकाच जातीचे ना? मग असे का?" मी पाहिलं. बहुतेक नरांच्या डोक्यावर मखमलीची शिंगं होती, बोथट, लव आलेली. एक नर बोडखा होता. आणि एकाच्या डोक्यावर पक्की, टोकदार शिंगं. एकच कळप, एकच गवत, एकच तळं, आणि तीन जणांचे तीन ऋतू.

त्या मुलाला मला उत्तर देता आलं नाही. मग मी वाचायला लागले. शिंग धरून ठेवतो तो नराच्या रक्तातला टेस्टोस्टेरॉन. माजाच्या दिवसांत तो भरपूर असतो, तेव्हा शिंग दगडासारखं. माज ओसरला, टेस्टोस्टेरॉन उतरला, की कपाळावरच्या खुंटाच्या आणि शिंगाच्या सांध्यातलं हाड शरीर स्वतःच पोखरायला घेतं. पोखरून झालं की फांदीला घासताना, मान झटकताना, नुसतं चालतानाही शिंग गळून पडतं. जखमेवर खपली धरते, खालून मखमल फुटते. तिच्यात रक्त खेळतं, हात लावला तर ती उबदार लागते. चार-पाच महिन्यांत नवं शिंग पुरं वाढतं. सस्तन प्राण्यांच्या अंगात एवढ्या वेगानं वाढणारं दुसरं हाड नाही. त्यासाठी लागणारा चुना नुसत्या चाऱ्यातून पुरत नाही, म्हणून हरणाचं शरीर तो आपल्याच हाडांतून, विशेषतः बरगड्यांतून उसना घेतं. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसले. आजी तेच शिंग आपल्या बरगडीला लावत होती.

मग हा टेस्टोस्टेरॉन कधी चढायचा आणि कधी उतरायचा हे कोण ठरवतं? थंड मुलखात दिवस ठरवतो. काश्मीरचा हंगूल घ्या. त्याची शिंगं मार्च-एप्रिलमध्ये जवळपास सगळ्यांची एकदम पडतात. तिकडं उन्हाळ्याचा आणि हिवाळ्याचा दिवस यांत मोठा फरक, आणि पिल्लं ठरावीक दिवसांत जन्मली नाहीत तर थंडीत मरतात. म्हणून सगळ्यांचं घड्याळ एकच. आमच्याकडं सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत फरक जेमतेम अडीच तासांचा. घड्याळ सैल. सांबराला हिवाळ्यात माज येतो, त्यामुळं बहुतेकांची शिंगं चैतात येऊन गळतात, तरी मागेपुढे होतंच. चितळ तर आणखी मोकळा. जॉर्ज शॅलर १९६३ ते १९६५ या काळात बालाघाटच्या पलीकडं कान्ह्यात राहिले आणि महिनोन् महिने चितळांची डोकी मोजली. उन्हाळ्यात पक्की शिंगं जास्त, हे खरं. पण प्रत्येक नराची स्वतःची पाळी असते, ती त्याच्या जन्माच्या वेळेशीही जोडलेली असते. १८६८ च्या सुमारास आपल्याकडचे चितळ हवाई बेटांवर पोचले. तिथंही आज एकाच कळपात बोडखे, मखमली आणि पक्क्या शिंगांचे नर एकाच दिवशी दिसतात. समुद्र ओलांडला तरी स्वभाव गेला नाही.

त्यात मग वय येतं, चारा येतो, दुखणं येतं. नर उपाशी असेल, जखमी असेल तर वेळ चुकते. वृषणाला इजा झाली आणि डोक्यावर पक्कं शिंग असलं तर ते काही आठवड्यांत पडतं. त्याच वेळी मखमल असली तर ती मखमलच राहते, कधी पक्की होत नाही. म्हणजे मोहाच्या उष्णतेचा इथं काही संबंध नाही. आबाजींची तारीख बरोबर होती, कारण चुकीचं होतं. मला ते सांगायचं होतं. पण तोवर ते गेले होते. मोहाच्याच दिवसांत गेले.

आजी त्यांच्यानंतर सहा वर्षं जगली. बरगडीची कळ शेवटपर्यंत होती. शिंगाचं नाव मात्र तिनं पुन्हा काढलं नाही.

निवृत्त झाल्यावर मी टोल्यावर परत आले. गेल्या वर्षी मोह वेचताना भावाचा नातू नाल्याकडून धावत आला. "मोठी आजी, चाल, काहीतरी दाखवतो." गेले. येनाच्या झाडाखाली सांबराचं शिंग पडलेलं. ताजं, करडं, बुडाशी किंचित लालसर. मी वाकून ते उलटं केलं, बुडावर अंगठा फिरवला. घाव नाही, हाड नाही. गोल, फुगीर, दाणेदार.

"घरी नेऊ?" त्यानं विचारलं.

"ठेव जिथं होतं तिथं," मी म्हटलं. "नाकेदाराला फोन लावू. मग दुसरं शोधू. इथंच कुठं तरी असल."

दुसरं आम्हाला सापडलं नाही. नातू दुपारपर्यंत पाला उकरत होता. मी मोह वेचत बसले.